डिसले गुरुजींची यशोगाथा संशोधकानं कशी वाचावी?

माझा पहिला सिनॉप्सिस परत आला तेव्हा समासात पेन्सिलीनं एकच शेरा होता: ‘हे संशोधन आहे की सत्कार?’

विषय होता ग्रामीण शाळांमधली डिजिटल साधनं आणि दोन शाळांनी मिळून केलेले प्रकल्प. मी काय केलं होतं, तर उपक्रमशील शिक्षकांच्या मुलाखती, पेपरातली कात्रणं, पुरस्कारांच्या वेबसाइटवरची वर्णनं असं सगळं गोळा करून ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या प्रकरणात भरलं होतं. शेरा झोंबला, दोन दिवस फाईल उघडली नाही. नंतर उघडली आणि एकेक वाक्य परत वाचायला लागलो. पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात की अशी सामग्री वापरायची की नाही. वापरायची. पण कशी, ते एका उदाहरणावरून बघू.

उदाहरण तुम्हाला सगळ्यांना माहीत असलेलं घेतो. रणजितसिंह डिसले, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, परितेवाडी, तालुका माढा, जिल्हा सोलापूर. 3 डिसेंबर 2020 रोजी त्यांना वार्की फाउंडेशनचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला. रक्कम दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून कविता, गोष्टी, व्हिडिओ, स्वाध्याय मुलांपर्यंत पोचवणं हे त्यांचं काम आपल्याकडे गाजलं. दुसरं काम तेवढंच महत्त्वाचं, ते म्हणजे व्हिडिओ कॉलवरून दूरदूरच्या वर्गांना जोडणं आणि भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना सहा आठवडे एकत्र बोलतं करणारा प्रकल्प. साने गुरुजींच्या आंतरभारतीची आठवण व्हावी असं हे काम आहे, फक्त हद्द देशाबाहेर गेलेली.

पुरस्कारानंतरच्या वादांत मी जात नाही. माणसाची तपासणी आणि दाव्याची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपलं काम दुसरं.

पुरस्काराच्या पानावर त्यांच्या कामाचा परिणाम चार गोष्टींत सांगितलाय: शाळेत मुलींची उपस्थिती 100 टक्के, गावात अल्पवयीन मुलींची लग्नं बंद, 85 टक्के मुलांना वार्षिक परीक्षेत अ श्रेणी, आणि गावातली एक मुलगी पदवीधर. चारही गोष्टी आनंदाच्या आहेत. आता पेन्सिल घ्या.

शंभर टक्के. कशाचे? वाडीवरच्या प्राथमिक शाळेचा पट लहान असतो. समजा, वर्गात सहाच मुली आहेत. एक आजारी पडली की त्या दिवसाची उपस्थिती थेट 83 टक्क्यांवर येते. इतक्या लहान आकड्यावर टक्केवारी काढणं म्हणजे वाटीभर दूध मोजायला वजनकाटा घेऊन बसणं. इथं मूळ संख्या द्यायची: किती मुली, किती दिवस, कोणतं वर्ष. शिवाय उपस्थिती आणि पटनोंदणी यांत लोक सर्रास घोळ करतात. ‘असर’च्या ग्रामीण सर्वेक्षणात 2009 मध्येच 6 ते 14 वयोगटातली सुमारे 96 टक्के मुलं शाळेत दाखल होती. म्हणजे पटावर नाव असणं ही बातमी नव्हतीच. बातमी असेल ती रोज येण्याची, आणि ती कळते फक्त हजेरीपटावरून.

अ श्रेणीचं बघा. महाराष्ट्रात 2010 पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि त्यात श्रेणी देणारा बहुतेक वेळा वर्गशिक्षकच असतो. उपक्रम राबवणारा आणि निकाल लावणारा एकच असेल तर तो निकाल उपक्रमाचा पुरावा म्हणून चालत नाही, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी. परितेवाडीच्या परीक्षेत पेपर कुणी काढला, तपासला कुणी, हे त्या पानावर नाही. नसणारच, ते पान शोधनिबंध म्हणून लिहिलेलं नाही. चूक माझी होती, मी ते शोधनिबंध म्हणून वाचलं.

आता पदवीधर मुलगी. डिसले शाळेवर रुजू झाले 2009 मध्ये. 2009-10 ला चौथीत असलेली मुलगी बारावी होते 2017-18 ला, आणि तीन वर्षांची पदवी पूर्ण होते 2020-21 ला. पुरस्कार जाहीर झाला त्या डिसेंबरात ती अजून शेवटच्या वर्षाला असणार. मग आधीच पदवीधर झालेली मुलगी सरळ हिशोबानं त्यांच्या चौथीच्या वर्गातून गेलेली नसावी, ती त्याआधीच पुढं गेलेली असणार. याचा अर्थ दावा खोटा असा नाही. शिक्षक गावात राहून पालकांशी बोलतो, त्याचा परिणाम मोठ्या बहिणीवरही होतो. पण मग परिणाम क्यूआर कोडचा नाही, गुरुजींच्या घरोघर फिरण्याचा आहे. हे सगळं मी हाताच्या बोटांवर मोजून काढलं, त्याला कुठलं सॉफ्टवेअर लागलं नाही. सिनॉप्सिस लिहायच्या आधी मोजायला हवं होतं, इतकंच.

आणि याच काळात बाकी काय काय घडत होतं? 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि राज्यभर शाळा डिजिटल करायची लाट उठली, लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले. शालेय पोषण आहार आधीपासून होताच. या सगळ्यातून एका शिक्षकाच्या एका साधनाचा वाटा वेगळा काढायचा तर तुलनेला दुसरी शाळा लागते, किंवा निदान आधीचे आकडे. यशोगाथेत ‘आधी’ नेहमी अंधार असतो आणि ‘नंतर’ नेहमी उजेड. अंधाराची नोंद कुणी ठेवलेली नसते.

साधनाचा परिणाम एकसारखा नसतो, याचं चांगलं उदाहरण शेजारच्या गुजरातमधलं आहे. ली लिंडन या अर्थतज्ज्ञानं ग्यानशाला या संस्थेच्या वर्गांत गणिताचं संगणक सॉफ्टवेअर तपासलं, 2008 सालचा अभ्यास. शिक्षिकेच्या तासाच्या जागी संगणक बसवला तिथं मुलं मागं पडली. शाळा सुटल्यावर जादा म्हणून वापरला तिथं पुढं गेली. सॉफ्टवेअर तेच, संस्था तीच. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘डिजिटल साधनांचा परिणाम’ असं शीर्षक असेल तर आजच खोडा आणि लिहा: कोणतं साधन, कुणाच्या जागी, दिवसाच्या कोणत्या वेळी, कुणाच्या हातात.

क्यूआर कोडच घ्या ना. पुस्तकात चौकोन छापून आला, पण स्कॅन करणारा फोन बापाच्या खिशात, आणि बाप सकाळी सातला रानात. सर्व्हरवर दिसतं कोड किती वेळा उघडला ते. कुणी उघडला, पोरानं की परीक्षेच्या आदल्या रात्री दादानं, ते दिसत नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की शिक्षकांच्या अनुभवकथनाला मी कचऱ्यात काढतोय. मलाही काही दिवस तसंच वाटायचं. मत बदललं जळकोटला.

जळकोट म्हणजे तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गच्या पुढं, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं. लातूर जिल्ह्यातलं जळकोट वेगळं. (हे दर वेळी सांगावं लागतं.) या परिसरातल्या एका शाळेतल्या सरांना भेटलो. त्यांनी तेलंगणातल्या एका वर्गाबरोबर प्रकल्प केला होता. इकडच्या मुलांनी नळदुर्ग किल्ल्यातल्या पाणी महालाची, म्हणजे बोरी नदीवरच्या त्या जुन्या बंधाऱ्याची माहिती आणि फोटो गोळा करायचे, तिकडच्यांनी त्यांच्या गावच्या तळ्याची, आणि मग दोघांनी मिळून एक सादरीकरण करायचं.

मी विचारलं, “सर, या प्रकल्पाचा मुलांना काय फायदा झाला?”

“लई फायदा झाला. आत्मविश्वास वाढला, संवादकौशल्य वाढलं, जगाशी नातं जोडलं गेलं.”

हे उत्तर पुरस्काराच्या अर्जातलं होतं, सरांना पाठच होतं. दोष त्यांचा नाही, प्रश्नच तसा होता. मी वही मिटली. चहा आला. मग सहज विचारलं, “पहिला कॉल लागला त्या दिवशी काय काय झालं? सकाळपासून सांगा.”

तिथून सव्वा तास सर बोलत होते. लाईट गेली म्हणून स्वतःच्या मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं. वर्गात आवाज येईना म्हणून पोरं फोनभोवती गोळा झाली आणि पुढच्या चार पोरांनाच दिसायला लागलं. तिकडचे शिक्षक इंग्रजीत बोलले, आमची लेकरं गप्प. “मग म्या हिंदीत सुरू केलं, तर तिकडची लेकरं गप्प. दोन मिनिटं नुसतं एकमेकाकडं बगत बसली बगा.” तेवढ्यात मागून एक मुलगी तेलुगूत बोलली. तांड्यावरची. वर्गात कधी तोंड न उघडणारी. आईबाप हैदराबादला बांधकामावर होते तेव्हा ती दोन वर्षं तिथं राहिली होती. त्या दिवसापासून प्रकल्पाचा सगळा कारभार तिच्याकडं आला, काय विचारायचं ते पोरं तिला सांगणार आणि ती तिकडं विचारणार.

“मग शेवटच्या सादरीकरणात ती कुठाय, सर? फोटोत दिसत नाही.”

“दिवाळी झाली न् टोळी गेली की ऊसतोडीला. सादरीकरण डिसेंबरात व्हतं.”

(मुलीबद्दलचे दोन तपशील मी बदललेत. छोट्या गावात नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. एथिक्सचा फॉर्म भरताना हे लक्षात ठेवा, नुसतं ‘नाव गुप्त ठेवले जाईल’ एवढ्यानं भागत नाही.)

आता मला सांगा, सहयोगी प्रकल्पांवरच्या संशोधनाला यापेक्षा मोलाची सामग्री कोणती? भाषा येणं म्हणजे इंग्रजी येणं, या गृहीतकाला इथं तडा गेला. स्थलांतर हा एरवी ‘शाळाबाह्य’ या रकान्यात जाणारा विषय, तोच एका मुलीचं भांडवल झाला आणि सहा महिन्यांत तोच तिला घेऊनही गेला. सरांच्या पीपीटीत यातलं काही नाही. तिथं नकाशा आहे, दोन झेंड्यांसारखे दोन शाळांचे लोगो आहेत, आणि ‘आत्मविश्वास’ हा शब्द तीनदा आहे.

म्हणून माझी यशोगाथेवरची मुख्य तक्रार अतिशयोक्तीची नाही, ती सहज पकडता येते. तक्रार ही की पुरस्काराच्या साच्यात बसवताना शिक्षक आपल्या कामातला सगळ्यात चांगला भाग स्वतःच कापून टाकतो, कारण अर्जात त्याला रकाना नसतो. आणि आपण संशोधक तो कापलेला भाग मागायच्या ऐवजी उरलेला घेऊन टक्केवारी लावतो.

कामाचा भार हा असाच गाळलेला भाग. आपल्याकडे शाळा साडेदहाला भरली तेव्हा न्यूयॉर्कला हिवाळ्यात मध्यरात्र असते. तिथल्या वर्गाशी थेट बोलायचं तर आपल्या मुलांना रात्री शाळेत आणावं लागतं. मग त्यांना घरी सोडणार कोण, मुलींच्या पालकांना समजावणार कोण, आणि दुसऱ्या दिवशीची ऑनलाइन माहिती भरणार कोण? ‘83 देशांतल्या वर्गांना जोडलं’ हे वाचताना मला आता देश दिसत नाहीत, रात्रीचा वर्ग उघडून बसलेला माणूस दिसतो. त्यावर आपल्याकडे प्रबंध हवा.

परदेशात ही परंपरा जुनी आहे आणि तिच्या नोंदीही आहेत. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने 1920 च्या दशकात वर्गात छापखाना आणून दूरच्या शाळेशी मुलांच्या मजकुराची देवघेव करायचे. 2006 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या विकी डेव्हिस आणि ढाक्यातल्या जुली लिंडसे या दोन शिक्षिकांनी ‘फ्लॅट क्लासरूम’ प्रकल्प सुरू केला. पहिल्या उदाहरणात कागद शिल्लक राहतो. दुसऱ्या प्रकारात मात्र सगळं काम कुठल्या तरी कंपनीच्या जागेवर असतं. एडमोडो सप्टेंबर 2022 मध्ये बंद पडलं, स्काइप मे 2025 मध्ये. ज्यांच्या प्रकल्पांची बोलणी तिथंच होती आणि वेळेत उतरवून घेतली नाहीत, त्यांच्याकडे आता आठवण आणि स्क्रीनशॉट. तुमचा विषय या वळणाचा असेल तर कोर्सवर्क संपायची वाट बघू नका. शिक्षकांना आत्ताच फोन करा, जुने ग्रुप, ईमेल, फोटोंच्या तारखा, मुलांच्या वह्या मागा. लागेल ती परवानगी आधी घ्या, मुलांच्या बाबतीत पालकांची सुद्धा.

सिनॉप्सिस मी नव्यानं लिहिला. शीर्षकातून ‘परिणाम’ गेला. आता प्रश्न असा आहे की दोन शाळांच्या प्रकल्पात कोणतं मूल कोणत्या दिवशी काय करत होतं, आणि कोण मधेच गळालं. नमुना लहान आहे, गाईड म्हणतात अजून एक शाळा घ्या, ते बरोबरच आहे.

रविवारी परत जळकोटला जातोय. सरांनी त्या वर्षीची हजेरी कपाटातून काढून ठेवलीय. दिवाळीनंतर किती नावांपुढं रेघ आहे ते आधी मोजायचंय.