कपाटातली तीन खाती

पुण्यात सल्ला मागावा लागत नाही. नको असेल तर मात्र तीनतीनदा सांगावे लागते. त्यामुळे भाच्याने आपण होऊन, "मामा, घरात असायलाच हव्यात अशा रेकॉर्डी सांग," म्हटले तेव्हा मला गहिवरून आले. पुढच्याच वाक्याने गहिवर ओसरला. "पण पंक, ब्लूज आणि सोल यांतल्याच हं!"

चौकशीअंती कळले ते असे : ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचे दुःखाचे गाणे. सोल म्हणजे चर्चमधली आळवणी बाहेर पडून संसारी झाली ते. आणि पंक म्हणजे १९७६-७७ च्या सुमारास न्यूयॉर्क-लंडनच्या पोरांनी सभ्य कानांची उडवलेली दाणादाण. हात्तिच्या! ही तिन्ही खाती आमच्याही कपाटात आहेत. पाट्या तेवढ्या निराळ्या.

ब्लूजच्या खात्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी. जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात आमच्याकडचे गवई तंबोरेसुद्धा जुळवत नाहीत. खाँसाहेब तेवढ्यात विरह मांडतात, वाढवतात आणि आपल्या हवाली करून मोकळे होतात. एक स्वर इकडचा तिकडे करायला जागा नाही.

सोलसाठी कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने. क्षयाने फुप्फुस गेले, गाणे बंद झाले; देवासला अंथरुणावर पडल्यापडल्या माळव्याची लोकगीते कानांवर येत राहिली. पुढे ते गायला उठले ते छोट्या छोट्या झेपा घेत. ती झेप ऐकताना मधली शांतताही सुरात वाटते. आत्म्याचे गाणे म्हणायचे ते आणखी कशाला?

पंकसाठी सुलोचना चव्हाण. इथे घरातल्यांच्या भुवया वर जातात. बाई गिरगावच्या, गायच्या खांद्यावर पदर घेऊन. पण आवाज असा ठसक्याचा की सोज्ज्वळ दिवाणखाना दचकावा. आमच्यासारख्या घरांत ही रेकॉर्ड असते, पण भावगीतांच्या मागे. पाहुणे गेले की पुढे येते. सरकारने त्यांना 'पद्मश्री' दिली ती २०२२ साली, आणि त्याच डिसेंबरात त्या गेल्या. दाद द्यायला एवढा उशीर होतो तो गाणे कमी प्रतीचे म्हणून नव्हे; आवडते हे कबूल करायची आपल्याला लाज वाटते म्हणून.

याद्या अमेरिकनांनीही केल्या. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात धाडली, तीत साऱ्या पृथ्वीच्या वाट्याला सत्तावीस रचना. गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी तीत आहे, आणि लगेच पुढे ब्लाइंड विली जॉन्सन, शब्दावाचून नुसता हुंकारणारा टेक्ससचा आंधळा ब्लूजवाला. दुसरे यान सुटले ५ सप्टेंबरला. १६ ला केसरबाई गेल्या. निवडणाऱ्यांनी घराणे विचारले नाही, वर्गवारी केली नाही. शेजारी शेजारी बसवले आणि दोघांनाही शोभले.

तेव्हा माझा सल्ला एवढाच : रेकॉर्डी कोणत्याही घ्या, पण एकाच ओळीत लावा. खाँसाहेबांना सुलोचनाबाईंचा शेजार जड जाणार नाही. जड जाईल तो आपल्याला, आणि तेही पाहुणे असेपर्यंतच.