‘अभिजात’ या विशेषणाचा काळ : हायडन आणि प्रोकोफिएव

योझेफ हायडनची १०४ वी सिंफनी (१७९५) आणि सर्गेई प्रोकोफिएवची पहिली, ‘क्लासिकल’ सिंफनी (१९१६-१७) एकाच मैफलीत पाठोपाठ सादर होतात, तेव्हा कार्यक्रमाचा क्रमच एक ऐतिहासिक विधान करीत असतो : आधी आदर्श, मग त्याचे अनुकरण किंवा विडंबन. तौलनिक अभ्यासाने हे विधान निमूटपणे स्वीकारण्याचे कारण नाही.

बाह्य साम्य लक्षणीय आहे. दोन्ही कृतींची स्वरपट्टी डी मेजर, वाद्यमेळही एकच. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न आणि ट्रंपेट यांच्या जोड्या, टिंपनी व तंतुवाद्ये. मधल्या काळात विस्तारत गेलेला वाद्यवृंद प्रोकोफिएवने जाणीवपूर्वक नाकारला, तोही दोन क्रांत्यांच्या मधल्या रशियात. घाट मात्र त्याने आतून हलविला. पहिल्या भागात डी मेजरचा उद्‌घोष होतो न होतो तोच संगीत सी मेजरमध्ये घसरते आणि मूळ विषयाची पुनरावृत्तीही त्याच ‘परक्या’ पट्टीत सुरू होते. दुसऱ्या विषयात व्हायोलिने अगदी हलक्या आवाजात दोन सप्तकांहून मोठ्या झेपा घेतात. खाली बसून गंभीर चेहऱ्याने पावले टाकीत असतो.

याला विडंबन म्हणणे सोपे आहे; पण त्यासाठी हायडनला निर्विकार नियमाचे स्थान द्यावे लागते, आणि ते त्याला मानवत नाही. त्याच्या मिन्युएटमध्ये तीन मात्रांच्या नृत्यात आघात तिसऱ्या मात्रेवर पडतो. पुढे सारा वाद्यवृंद अचानक थांबतो. नर्तकाची पावले चुकावीत अशीच ही योजना आहे. उलट प्रोकोफिएवने मिन्युएट टाकून त्याजागी गाव्होत हे चार मात्रांचे, हायडनपूर्व सुइटमध्ये रुळलेले नृत्य घेतले. ज्याचे अनुकरण केले असे मानले जाते, त्याच्याही मागे तो गेला.

मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) मधील अभंगरचनेचे स्मरण येथे मराठी अभ्यासकास होईल. तेथे मात्र जुना छंद आणि यंत्रयुगीन आशय यांच्या घर्षणात वेदना आहे. प्रोकोफिएवपाशी ती जवळजवळ नाही. ही त्याची मर्यादाही मानता येईल.

मैफलीचा क्रम उलटा केला, तर हायडनच्या मिन्युएटमधील ती शांतता प्रोकोफिएवच्या कानांनी ऐकू येते. मग १७९५ ची कृती अधिक धाडसी वाटू लागते.