भांडण मिटवू नका, तपासा

आरोग्यसेवांच्या संशोधनातल्या एका सवयीवर आज टीका करायची आहे. ज्या पद्धतीवर बोलणार आहे ती मला पटते, म्हणूनच जरा कडक बोलेन.

रे पॉसन आणि निक टिली यांनी १९९७ साली 'रिअलिस्टिक इव्हॅल्युएशन' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. 'योजना चालली का?' एवढंच विचारू नका. कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत आणि कशामुळे चालली ते विचारा. प्रत्येक योजनेच्या पोटात एक सिद्धान्त असतो: अमुक दिलं की माणसं तमुक विचार करतील आणि मग तसं वागतील. याला कार्यक्रम-सिद्धान्त म्हणू. योजना पैसा देते, प्रशिक्षण देते. त्यावर माणूस काय ठरवतो, त्यातून परिणाम घडतो.

अडचण अशी, की एकाच योजनेचे सिद्धान्त अनेक निघतात. आपल्या आशाताई घ्या. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झालं, साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा असं ठरलं. २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटी तिच्याकडे आल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत ६ भेटी, घरी जन्मलेल्यासाठी ७, आणि भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. आता सांगा, ती त्या घरी का जाते? एक म्हणतो, मोबदल्यासाठी. दुसरा म्हणतो, ती गावचीच आहे, त्या घरात तिला मान आहे म्हणून. तिसरा म्हणतो, गटप्रवर्तक वही तपासते म्हणून.

आणि आपला संशोधक काय करतो? तिघांचं ऐकतो, चौकोन काढतो, बाण जोडतो आणि लिहितो, 'तिन्ही घटक महत्त्वाचे आहेत.' माझी टीका या वाक्यावर आहे. ते कधीच खोटं ठरू शकत नाही, म्हणून त्यातून काही कळतही नाही.

कोणी म्हणेल, सर, आपल्याकडे अनेकान्तवाद आहे. आहे ना! पण जैन तर्कातल्या 'स्यात्'चा अर्थ 'असेलही बुवा' असा नाही. 'एका विशिष्ट दृष्टीने' असा आहे. ती दृष्टी कोणती, हे सांगायची जबाबदारी बोलणाऱ्यावर येते. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत: सत्य ठरवण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा नुसता पाडायचा ती वितंडा. आपल्या अहवालांनी चौथा प्रकार काढलाय: तह.

तहाची किंमत काय, ते गडचिरोलीवरून पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'चा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ३९ गावांत आरोग्यदूत महिला घरी जाऊन बाळ तपासत, गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. तुलनेसाठी ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्के घट दिसली. पण ती नेमकी कशाने? भेटींनी, इंजेक्शनने, की त्या बाईवरच्या विश्वासाने? दुसरीकडे हेच करायला निघालात, की या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊनच बसता, कळो न कळो. भेटींचा आकडा परिपत्रकात उतरतो. विश्वास उतरत नाही.

मग करायचं काय? सिद्धान्तांना अशा जागी न्या, जिथे त्यांची भाकितं फुटतात. समजा मोबदला तीन महिने आला नाही. पहिल्या सिद्धान्ताप्रमाणे भेटी सगळीकडे कमी व्हाव्यात. दुसऱ्याप्रमाणे ओळखीच्या घरी चालू राहाव्यात आणि जिथे तिचं जाणं-येणं नाही त्या वस्तीवर सुटाव्यात. तिसऱ्याप्रमाणे वहीत सहाच्या सहा दिसाव्यात, बाळंतीण मात्र दोन सांगेल. आता वहीशेजारी बाळंतिणीचं सांगणं ठेवा. कोण कुठे खरा आणि कुठे खोटा, ते दिसू लागेल. शेवटी तिघेही आपापल्या जागी खरे निघाले तर निघोत, पण तो निष्कर्ष कमावलेला असेल.

इथे पॉसन यांच्याशीही माझा थोडा मतभेद आहे. त्यांची सूचना अशी, की मुलाखतीत संशोधकाने आपला सिद्धान्त समोरच्यापुढे ठेवावा आणि त्याने तो दुरुस्त करावा. सूचना चांगली आहे. पण शहरातून आलेल्या साहेबाने सिद्धान्त मांडला की आमची आशाताई काय म्हणणार? 'हो सर, बरोबर आहे.' (हशा) हसू नका, तिची काही चूक नाही. आपण एकच सिद्धान्त नेतो, तोही आपला. त्याऐवजी दोन परस्परविरोधी न्या, आणि 'मागच्या महिन्यात कोणत्या घरी जाणं झालं नाही, आणि का?' असं घडलेलं विचारा.

शेवटचा मुद्दा आपल्या जालना जिल्ह्याचा. अंबड, घनसावंगी, मंठा या बाजूची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. घराला कुलूप, बाळंतीण कारखान्याच्या फडाशेजारच्या कोपीवर. पहिलं बाळंतपण असेल तर ती माहेरी, म्हणजे नोंद एका गावात आणि बाळ दुसऱ्या गावात. आपले तिन्ही सिद्धान्त इथे एकदम गप्प होतात. मोबदला, मान, देखरेख यांवरून भांडणाऱ्या तिघांनीही एक गोष्ट न बोलता धरून चालली होती, की बाळंतीण आणि आशा एकाच गावात आहेत.

ही गोष्ट त्या तिघांच्या भांडणात कळली नसती. बाळंतिणीला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळली असती. पण ती आपल्या लेखी 'लाभार्थी'; आणि लाभार्थीलाही योजनेबद्दल स्वतःचा सिद्धान्त असतो, हे आपल्या मनातच येत नाही. पुढच्या वेळी सिद्धान्तांची यादी कराल, तेव्हा तिचा पहिला लिहा. मग खुशाल भांडू.