उपग्रह-रडार आणि रस्त्यांची पाहणी : खर्चाच्या हिशेबाची चिकित्सा

रस्त्यांच्या स्थितीची पाहणी उपग्रहावरील रडारने केल्यास ती स्वस्त पडेल, या प्रतिपादनाचा मुख्य आधार प्रतिमांची किंमत हा आहे. २०१४ साली आरंभ झालेल्या ‘सेंटिनेल-१’ या युरोपीय मालिकेच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. ढग व अंधार यांचा अडथळा त्यांस होत नाही, आणि मालिकेतील प्रत्येक उपग्रह १२ दिवसांनी त्याच मार्गावर परततो. मोजणीच्या वाहनास मात्र दर किलोमीटरला इंधन व वेतन लागते. तथापि ही तुलनाच सदोष आहे; कारण ही दोन साधने एकच गोष्ट मोजीत नाहीत.

वाहतुकीचा खर्च मुख्यतः पृष्ठभागाच्या खडबडीतपणाने वाढतो. जागतिक बँकेने १९८६ साली ज्याच्या मोजणीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तो आंतरराष्ट्रीय निर्देशांक चाकांच्या वाटेवरील चढउतार मोजतो. सेंटिनेलच्या नेहमीच्या प्रतिमेची विभेदनक्षमता सुमारे ५ मीटर × २० मीटर असल्याने तीत डांबरी पट्टा, बाजूपट्टी व गटार एकवटतात. खड्डा वेगळा दिसत नाही. उलट, दोन प्रतिमांतील तरंगकलेच्या फरकावरून भराव किंवा डोंगरउतार किती खचला, हे सेंटिमीटरच्या अंशापर्यंत कळू शकते. वाहनास हे सहसा उमगत नाही.

परंतु कळण्याचे मोल कृतीवर अवलंबून असते. उत्तराखंडातील जोशीमठ २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या १२ दिवसांत सुमारे ५.४ सें. मी. खचल्याचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या प्राथमिक अहवालात नमूद झाले. खचणाऱ्या भागाचा माथा जोशीमठ–औली रस्त्यानजीक होता. तोवर घरांच्या भिंतींना तडे गेलेले होते. हे गाव जुन्या दरडीच्या राशीवर वसले असल्याचा इशारा तर मिश्रा समितीने १९७६ सालीच दिला होता. अर्थात्, तेथे उणीव होती ती माहितीची नव्हे, निर्णयाची.

म्हणून हिशेबाचे एकक प्रतिमेची किंमत हे न धरता, बदललेल्या प्रत्येक निर्णयामागचा एकूण खर्च हे धरावयास हवे. त्यात प्रतिमांचे विश्लेषण, प्रशिक्षित मनुष्यबळ, जागेवरील पडताळणी आणि खोट्या इशाऱ्यांचा भुर्दंड यांचा समावेश होतो. शिवाय दुरुस्तीसाठी निधी राखून ठेवलेला नसेल, तर लाभाची बाजू शून्यच राहते. या कसोटीवर सपाट प्रदेशातील साध्या रस्त्यांना रडारचा लाभ अल्प ठरतो. घाटमार्गांवर व उंच भरावांवर मात्र अभियंत्याने प्रथम कोणत्या किलोमीटरकडे जावे, हे ठरविण्यास ते साह्यभूत होते. मोजणीच्या वाहनाची तरतूद रद्द करण्यास यातून समर्थन मिळत नाही.