पगाराऐवजी जमीन

७ एप्रिल १७८८ रोजी रूफस पटनम यांच्या नेतृत्वाखाली ४८ जणांची तुकडी मस्किंगम आणि ओहायो नद्यांच्या संगमावर उतरली. पटनम यांच्यासह यांतले अनेक जण अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेले होते. त्यांनी वसवलेल्या मारिएटा गावाची कथा डेव्हिड मॅकलो यांनी ‘द पायोनियर्स’ (२०१९) या पुस्तकात सांगितली आहे. मारिएटा कॉलेजात जपलेली पत्रे आणि रोजनिश्या यांमुळे जंगलतोडीचे कष्ट आणि १७९० ची उपासमार डोळ्यांपुढे उभी राहते.

मात्र जमीन कोणाची होती, या प्रश्नाला पुस्तक पुरेसे भिडत नाही. काँग्रेसची तिजोरी रिकामी होती. तिने १७७६ मध्येच साध्या शिपायाला १०० एकर, तर कर्नलला ५०० एकर कबूल केले होते. थकलेल्या पगारापोटी दिलेली कर्जपत्रे कवडीमोल झाली. अनेकांनी ती सट्टेबाजांना विकली. ओहायो कंपनीने जमिनीची किंमत मुख्यतः अशाच कागदांत भरली. म्हणजे सैनिकांचे देणे शॉनी, डेलावेअर आदी जमातींच्या भूमीतून फेडले गेले. संमतीवाचून त्यांची जमीन घेणार नाही, असे वचन १७८७ च्या वायव्य अध्यादेशातच होते. तरी १७९४ च्या फॉलन टिंबर्सच्या पराभवानंतर, १७९५ च्या ग्रीनव्हिल कराराने आजच्या ओहायोचा बहुतांश भाग त्यांच्या हातून गेला.

मॅकलो हा संघर्ष सांगतात, पण वसाहतीच्या तटबंदीआडून पाहून. वसाहतवाल्यांचे धैर्य खरेच होते; त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली, हा हिशेब पुस्तकात अपुरा राहतो.