न हलणाऱ्या फ्रिक्वेन्सीला ‘सपोर्ट’: व्हीएसजीचे पेपर वाचताना

पहिल्या वर्षाच्या प्रोग्रेस सेमिनारमध्ये मी एक आलेख अगदी अभिमानाने दाखवला होता. ग्रीडची फ्रिक्वेन्सी ५० वरून ४९.८ हर्ट्झवर येते, माझा इन्व्हर्टर लगेच जास्त पॉवर देतो, आणि खाली ठळक अक्षरात ‘फ्रिक्वेन्सी सपोर्ट’. बाहेरून आलेल्या सरांनी एवढंच विचारलं, “तुम्ही पॉवर दिल्यावर फ्रिक्वेन्सी किती सुधारली?” मी स्लाइडकडे पाहिलं. ४९.८ ची रेषा शेवटपर्यंत सरळच्या सरळ. ती सुधारणार कशी? ग्रीडच्या जागी मी इन्फिनिट बस लावली होती, आणि तिची फ्रिक्वेन्सी मीच टाइप केली होती. मी गप्प उभी.

त्यानंतर माझ्या फोल्डरमधले व्हर्च्युअल सिंक्रोनस जनरेटरचे, म्हणजे व्हीएसजीचे, पेपर पुन्हा काढून वाचले. त्यातल्या बऱ्याच पेपरांत हाच आलेख होता, फक्त रंग वेगळे.

विषय नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाचं जड फ्लायव्हील आठवा. लोड अचानक वाढला तरी इंजिन लगेच बसत नाही, कारण चाकात साठलेली ऊर्जा आधी वापरली जाते. आपल्या सोलापूरच्या एनटीपीसी केंद्रात ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत, त्यांचे रोटर मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरतात आणि ग्रीडसाठी नेमकं हेच काम करतात. सोलर इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काहीच नसतं. मग त्याच्या कंट्रोलरमध्ये रोटरचं समीकरण सोडवायचं आणि इन्व्हर्टरला रोटरसारखं वागायला लावायचं, ही व्हीएसजीची कल्पना. जर्मनीत बेक आणि हेसे यांनी ती २००७ मध्ये मांडली. चिंग-चांग झोंग आणि जॉर्ज वाइस यांचा २०११ चा ‘सिंक्रोनव्हर्टर’ पेपर तर या विषयात येणारा प्रत्येकजण वाचतो.

तो पेपर चांगलाच आहे, हे आधी सांगते. समीकरणं स्वच्छ आहेत आणि एका बैठकीत वाचून मॉडेल उभं करता येतं. एक गोष्ट मात्र पहिल्या वाचनात माझ्याकडून निसटली. त्यात डॅम्पिंग आणि ड्रूप ही दोन्ही कामं एकाच गुणांकावर आहेत. ड्रूप किती हवा ते ठरलं की डॅम्पिंगही ठरलं, हातात उरला फक्त जडत्वाचा आकडा जे. आणि आपण काय करतो? ‘जास्त इनर्शिया चांगला’ म्हणून जे वाढवतो. बाकी सगळं तसंच ठेवून जे चौपट केला की डॅम्पिंग रेशो निम्मा होतो. फ्रिक्वेन्सी सावकाश पडते हे खरं, पण पॉवरची डोलणी जास्त वेळ चालतात. ग्रीड जितकी भक्कम तितकी ही अडचण वाढते, म्हणून ‘भक्कम ग्रीड म्हणजे सोपी परीक्षा’ हा समजही व्हीएसजीच्या बाबतीत उलटा पडतो.

त्यामुळे इन्फिनिट बस निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. सिंक्रोनायझेशन, पॉवर लूपचं ट्यूनिंग यासाठी ती योग्यच आहे. आक्षेप दाव्याला आहे. इन्फिनिट बस म्हणजे व्याख्येनेच अनंत जडत्व. तिला आपण इनर्शिया दिला म्हणणं म्हणजे उजनी धरणात तांब्याभर पाणी ओतून पातळी वाढवली म्हणण्यासारखं आहे. अशा चाचणीत इन्व्हर्टरचा प्रतिसाद दिसतो, ग्रीडचा फायदा दिसत नाही.

प्रस्तावनेतही असाच घोळ असतो, आणि यात मी पहिली. माझ्या सिनॉप्सिसची सुरुवात ३० आणि ३१ जुलै २०१२ च्या ब्लॅकआउटने होती. वाचायला भारी वाटतं. पण तिथे सुरुवात झाली ती क्षमतेबाहेर ताणलेल्या ट्रान्समिशनमुळे, बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइन ट्रिप होऊन. इनर्शिया कमी पडला हे कारण नव्हतं. आणि दक्षिण ग्रीड त्यातून वाचली, कारण ती बाकी देशाशी एचव्हीडीसीने जोडलेली होती (त्यातली एक जोडणी आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावतीला). पलीकडची फ्रिक्वेन्सी अलीकडे येतच नव्हती.

ही भिंत कुठे पडली? आपल्याकडेच. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची पहिली लाइन सुरू झाली आणि दक्षिण ग्रीड उरलेल्या देशाशी सिंक्रोनाइझ झाली. तेव्हापासून अख्ख्या देशाची फ्रिक्वेन्सी एक. आता त्या पहिल्या दिवसांचा विचार करा. दोन्ही बाजूंना प्रचंड फिरतं वजन, आणि मधे ही लाइन. कुठलीही बाजू अनंत नाही. एका बाजूचा संच गेला की दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी हलणार, आणि दोन्ही बाजू एकमेकींच्या विरुद्ध डोलण्याची शक्यता. व्हीएसजीला खरी परीक्षा द्यायची तर ती अशा रचनेत. अलीकडे ठेवला तर काय होतं, पलीकडे ठेवला तर काय होतं? जागेने उत्तर बदलतं, हे पूला, बोलोन्यानी आणि डॉर्फलर यांनी २०१७ च्या पेपरात गणिताने दाखवलंय. इन्फिनिट बसमध्ये हा प्रश्नच विचारता येत नाही.

सगळ्या ग्रीडचा डेटा कुठून आणायचा, असं तुम्ही विचाराल. गरज नाही. कुंदूर यांच्या १९९४ च्या पुस्तकात दोन एरिया आणि चार मशीनचं उदाहरण आहे. ९०० एमव्हीएचे चार जनरेटर, मधे २२० किलोमीटरची टाय लाइन, सगळे आकडे छापलेले. तिथून सुरू करा.

दुसरा आक्षेप करंटचा, आणि इथे एक छोटा हिशोब करून बघा. ६६० मेगावॉटच्या संचाचा इनर्शिया कॉन्स्टंट ३ सेकंद धरला तर रोटरमधली ऊर्जा १९८० मेगाजूल, म्हणजे फक्त ५५० युनिट! फ्रिक्वेन्सी ५० वरून ४९.५ वर आली तर त्यातली जेमतेम २ टक्के बाहेर पडते, साधारण ११ युनिट. एवढी ऊर्जा बॅटरी सहज देईल. ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलच्या १५० मेगावॉट बॅटरीतून सुमारे २००० मेगावॉट-सेकंद इनर्शिया मिळेल, असं तिच्या मालक कंपनीने २०२२ मध्ये सांगितलं होतं. म्हणजे ऊर्जेच्या बाजूने आपल्या एका संचाएवढा. मग अडतं कुठे? जवळ फॉल्ट झाला की सिंक्रोनस मशीन काही क्षण रेटेड करंटच्या पाच-सहापट देते. इन्व्हर्टर दीडपटीच्या आसपास थांबतो, नाहीतर स्विच जळतील. लिमिटर लागला की इन्व्हर्टर आपण लिहिलेल्या रोटरच्या समीकरणाप्रमाणे वागत नाही, आणि वर सिद्ध केलेली स्टॅबिलिटी त्या क्षणाला लागू राहत नाही. म्हणून पेपर हातात घेतला की मी आता आधी लिमिटर शोधते. पुष्कळदा ब्लॉक डायग्राममध्ये असतो, रिझल्टमध्ये तो लागलेला एकही प्रसंग नसतो.

लो-व्होल्टेज लाइनवर रेझिस्टन्स जास्त असल्याने अ‍ॅक्टिव्ह आणि रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर एकमेकांत मिसळतात, तो वेगळ्या पोस्टचा विषय. त्यावर बरं काम झालंय.

सध्या कुंदूरच्या मॉडेलमध्ये एका एरियात व्हीएसजी टाकून बसलेय. जे वाढवल्यावर फ्रिक्वेन्सीचा तळ वर आला, पण टाय लाइनवरची डोलणी आधीपेक्षा लांबली. लिमिटर अजून लावलेला नाही. पुढच्या सेमिनारला हाच आलेख घेऊन जाणार आहे, आणि यावेळी फ्रिक्वेन्सीची रेषा सरळ नाही.