पदवीस्तरावरील भू व पर्यावरणशास्त्र : एक चिकित्सा

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीस्तरासाठी पर्यावरण अभ्यासाचा सहामाही अनिवार्य अभ्यासक्रम तयार केला. त्यामुळे हा विषय सर्व शाखांपर्यंत पोहोचला, हे श्रेय निर्विवाद आहे. तथापि अनिवार्य विषय म्हणजे मुख्य विषय नव्हे. पहिल्यातून जाणीव निर्माण होते. कारणमीमांसेची शिस्त दुसऱ्यातूनच लाभते.

दौंड तालुक्यातील वरवंड हे गाव या संदर्भात बोलके ठरते. येथे व्हिक्टोरिया तलाव आहे, खडकवासल्याचा कालवा आहे, उसाचे मळे आहेत आणि या सर्वांखाली दख्खनच्या पठाराचा बेसॉल्ट खडक आहे. या कठीण खडकात पाणी मुख्यतः झिजलेल्या थरात व भेगांत साठते. म्हणून शेजारशेजारच्या दोन विहिरींच्या पाण्यातही मोठी तफावत आढळते. याच तालुक्यात पुणे शहराचे सांडपाणी वाहून आणणारी मुळा-मुठा भीमेस मिळते. यांपैकी कोणताही प्रश्न केवळ भूशास्त्राचा, रसायनशास्त्राचा वा अर्थशास्त्राचा नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला असला, तरी निरनिराळ्या विषयांचे घटक एकत्र बांधल्याने आंतरविद्याशाखीय दृष्टी येत नाही. विहिरींची पातळी वर्षभर मोजणे, मातीचे व पाण्याचे नमुने तपासणे आणि निष्कर्ष शेतकऱ्यांपुढे मांडणे, हा या पदवीचा कणा असावयास हवा. अन्यथा ग्रामीण विद्यार्थी पर्यावरणाची व्याख्या पाठ करील. पण स्वतःच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात का आटते, हे त्याला सांगता येणार नाही.